रिकाम्या पोटी घेऊ नये

महाडच्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. अंतःस्रावी ग्रंथींचा धडा आला की फळ्यावर माणसाचं डोकं काढायचो. चित्रकला माझी बेताचीच. कधी ते डोकं हेडमास्तरांसारखं दिसायचं, कधी नारळासारखं. त्या डोक्याच्या मधोमध, मेंदूच्या खाली, लाल खडूने एक ठिपका द्यायचा आणि म्हणायचं, "ही पियुषिका. आहे वाटाण्याएवढी, पण सगळ्या शरीरावर हिची हुकमत. जशी आमच्या घरात आमच्या मंडळींची." मुलं ठरल्याप्रमाणे हसायची. मीही ठरल्याप्रमाणे खडू झटकायचो.

हा विनोद मी किती वर्षं केला ते आठवत नाही. कोणत्या वर्षी बंद केला ते मात्र पक्कं आठवतं.

त्या हिवाळ्यात बायको दारांना धडकायला लागली. आधी खांदा, मग कोपर, मग कपाटाची कड. दंडावर काळेनिळे डाग दिसायला लागले. मी म्हणायचो, "अगं, दार घर बांधल्यापासून तिथेच आहे." ती हसायची. मग हसेनाशी झाली. डोकं दुखायचं, डोळ्यांच्या मागे, आत कुठेतरी. दुपारी भांडी तशीच ठेवून झोपायची. एरवी घासलेलं पातेलं पुन्हा घासणारी बाई. बाजारात भाजीवालीने मला थांबवून सांगितलं, "सर, बाई हल्ली ओळख दाखवत नाहीत. काय चुकलं आमचं?" मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं, वर म्हटलं, "सरांची बायको झालीस म्हणून एवढा ताठा बरा नव्हे." ती म्हणाली, "ती मला दिसलीच नाही हो." मला ते कारण पटलं नाही.

मी विज्ञानाचा शिक्षक, तेव्हा निदान घरातच झालं. पहिलं निदान, चष्मा. चष्म्याच्या दुकानातून दोनदा नंबर बदलून आणला. दुसरं निदान, पित्त. तिसरं, झोप कमी. तिचं बायकांचं महिन्याचं चक्र चार-पाच महिने थांबलेलं होतं, वय चाळीसही नव्हतं. हे तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फळ्यावर मात्र ती सगळी संप्रेरकं मी नावानिशी, बाणांसकट काढून दाखवत होतो.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर दरवर्षी लांबलांबून माणसं येतात. आमच्या आळीतली काही जणं त्या दिवशी तळ्याजवळ पाण्याचे पिंप लावायची आणि बायको पाणी द्यायला उभी राहायची. तिला ते काम आवडायचं. त्या वर्षीही उभी होती. ऊन भाजून काढत होतं. मी मागे पेले विसळत होतो, म्हणजे बहुतेक गप्पाच मारत होतो. मध्येच पुढचा गलका कमी झाला. मान वर केली तर बायकोच्या डाव्या हाताला एक म्हातारी पांढऱ्या लुगड्यात उभी, हातातला पेला पुढे केलेला. बायको समोरच्यांना पाणी देत होती. एकाला दिलं, दुसऱ्याला दिलं, तिसऱ्याला. म्हातारीचा हात तसाच पुढे. बायको तिच्याकडे बघत नव्हती.

त्या तळ्याच्या काठी, त्या दिवशी, पाण्यासाठी पुढे आलेल्या हाताकडे न बघणं म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रांगेतली दोन-तीन माणसं थांबली. एक जण म्हणाला, "ओ ताई." त्याच्या आवाजात पाण्याची मागणी नव्हती.

मी हातातला पेला ठेवून पुढे झालो. पण म्हातारीने त्या माणसाला हातानेच थांबवलं. तिने पेला हळूहळू बायकोच्या तोंडासमोर सरकवत आणला, वीतभर, अजून थोडा, अजून थोडा. जवळजवळ नाकासमोर आला तशी बायको दचकली. "अगंबाई, तुम्ही कधी आलात?"

"मी लई येळची हाय, माय," म्हातारी म्हणाली. मग दुसऱ्या बाजूनेही पेला तसाच फिरवून बघितला. पाणी प्याली, पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "मालक तुमीच का? हिला कडंचं दिसत न्हाई. दोन्ही अंगांचं. तुमाला घरात कळलं न्हाई?"

मी म्हटलं, "चष्मा बदललाय."

म्हातारीने माझ्याकडे एकदा बघितलं. असा कटाक्ष मी आजवर नापास मुलांकडे टाकत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर माणूस, बोलायला भारी. एकदा नदीच्या पुराच्या गोष्टी सुरू झाल्या की मागचे पेशंट डुलक्या घ्यायचे. त्यांनी बायकोला समोर बसवलं, म्हणाले, "माझ्या नाकाकडे बघा, ते सुंदर नाही, पण बघा," आणि दोन्ही हात बाजूंना पसरून बोटं हलवली. "बोटं हलताना दिसली की सांगा."

बायको नाकाकडे बघत राहिली. डॉक्टर बोटं हलवत राहिले. त्यांनी हात थोडे आत घेतले, बोटं हलवली. आणखी आत घेतले. ती वाट बघत होती, अगदी शहाण्या मुलीसारखी. शेवटी तिनेच विचारलं, "सुरू केलंत का?"

डॉक्टरांनी हात खाली घेतले आणि पुराची गोष्ट काही सांगितली नाही. थेंब घालून आत बराच वेळ बघितलं, मग मला म्हणाले, "डोळे चांगले आहेत, सर." हे वाक्य इतकं वाईट वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. "डोळ्यांच्या मागे बघायला हवं. इथे नाही होणार. मुंबईला न्या. परीक्षा-बिरीक्षा संपायची वाट बघू नका." त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि पाकीट चिकटवून दिलं. आमच्या गावात डॉक्टर चिठ्ठी नुसती घडी घालून देतात. चिकटवलेलं पाकीट मी पहिल्यांदा बघत होतो.

माझा धाकटा भाऊ मुंबईत एका मोठ्या इस्पितळात लिफ्टमन. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथून मी शिकून महाडपर्यंत पोचलो आणि तो न शिकता मुंबईपर्यंत. एसटीडी बूथवरून त्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, टेन्शन नाय घ्यायचा. वैनीला घेऊन ये. डोक्याचा डिपार्टमेंट सातव्याला. मी हाय ना." रिक्षाने वीर स्टेशन गाठलं, तिथून गाडी. सबंध प्रवासात बायको खिडकीशी बसून सरळ समोर बघत होती. बाहेर बघायला तिला पूर्ण मान वळवावी लागत होती, ते मला त्या दिवशी दिसलं. म्हणजे किती महिने ती तसं करत होती कोण जाणे.

भाऊ सगळे आजार मजल्यांनी ओळखायचा. "हाडवाले तिसऱ्याला, ते पायांनी खाली येतात. पाचव्याला किडनी, तिकडची माणसं ये-जा करतात, ओळखीची होतात." लिफ्ट वर जात होती. मी विचारलं, "आणि सातव्याची?" त्याने आकड्यांकडे बघत बटणावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सातव्याला कॅन्टीन चांगला हाय."

तिथे तिला एका अंधाऱ्या यंत्रात डोकं ठेवायला लावलं. लुकलुकणारा दिवा दिसला की बटण दाबायचं. बाहेर मला बटणाचा आवाज येत होता: टक, टक, मग बराच वेळ काही नाही. कागद बाहेर आला त्यावर दोन वर्तुळं होती, एकेका डोळ्याचं एकेक. दोन्हींचा बाहेरचा अर्धा भाग काळा. पुरानंतर आमच्या बाजारपेठेतल्या भिंतींवर जशी रेघ उरते, खाली काळं, वर पांढरं, तशी ती रेघ होती, फक्त उभी. मग एमआरआय. मग रक्त. मग चार दिवस काहीच नाही, ते चार दिवस आम्ही भावाच्या खोलीत एकमेकांना चहा करून देत काढले.

सर्जन माझ्याहून तरुण होते. त्यांनी फिल्म दिव्यावर लावली. माणसाचं डोकं, बाजूने. अगदी माझ्या फळ्यावरच्यासारखं, फक्त हे कुणासारखंही दिसत नव्हतं. मधोमध जिथे मी लाल ठिपका देत आलो, तिथे एक पांढरा फुगा होता.

"गाठ म्हणू नका," ते म्हणाले. "पिशवी आहे. कॅन्सर नाही, होणारही नाही. मूल पोटात असताना टाळूपासून वर एक खिसा जातो, त्यातून या ग्रंथीचा पुढचा भाग तयार होतो. मग खिसा बंद होतो. काहींचा थोडा उघडा राहतो. बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. यांच्यात द्रव साठत गेला. आता तो खाली ग्रंथीला दाबतोय आणि वर डोळ्यांच्या नसांना. दोन्ही नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, बरोबर तिथे."

"म्हणजे साधंच," मी म्हटलं. मला काहीतरी साधं हवं होतं.

"पिशवी साधी आहे," ते म्हणाले. "जागा साधी नाही."

नाकातून जायचं, मधलं हाड उघडायचं, पिशवीला भोक पाडून रिकामी करायची. डोक्याला वरून हात लावायचा नाही. शेजारी मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या धमन्या, वर नसा, मध्ये ग्रंथी. हे ते दुधाची पिशवी कापण्याइतक्या शांतपणे सांगत होते. थांबलो तर उरलेली नजरही जाईल, किती दिवसांत ते सांगता येणार नाही. बायकोने एकच विचारलं, "नाक दिसायला तसंच राहील ना?" ते म्हणाले, राहील. "मग करा."

ऑपरेशनच्या दिवशी भावाने ड्यूटी बदलून घेतली नाही. म्हणाला, "लिफ्टमधी असलो की कोण वर गेला, कोण खाली आला, कळतो." दर तासाला दार सातव्यावर उघडायचं, तो मान हलवायचा, दार बंद व्हायचं. त्याची मान कशासाठी हलते हे मला एकदाही कळलं नाही.

पिशवीतून पेजेसारखा घट्ट पांढरा द्रव निघाला. भोकातून मेंदूभोवतीचं पाणी गळू नये म्हणून मांडीची थोडी चरबी काढून आत बुजवली. शुद्धीवर आल्यावर तिला हे सांगितलं तर नाकात बोळे असलेल्या आवाजात म्हणाली, "म्हणजे आता माझ्या डोक्यात मांडी." तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसलो होतो. ती छताकडे बघत होती. मान न वळवता म्हणाली, "दाढी करा आज."

मी उठून बाहेर जिन्यात गेलो. तिथे काय केलं ते इथे लिहायचं कारण नाही.

निघायच्या आधी ग्रंथींच्या डॉक्टरीणबाई आल्या. पिशवी गेली होती, पण इतके महिने दबलेल्या ग्रंथीतून एक काम परत सुरू झालं नव्हतं. अंगाला ताण आला की शरीर ज्याच्यावर उभं राहतं ते संप्रेरक. ते गोळीतून द्यायचं, सकाळी आणि दुपारी. बाईंनी मला तीन गोष्टी सांगितल्या. एक, वेळा पाळायच्या. दोन, गोळी पोटात जळजळते, काही खाऊन घ्यावी. तीन, एक दिवसही चुकवायची नाही; ताप आला तर दुप्पट करायची, उलट्या झाल्या तर तडक इंजेक्शन, कारण ही गोळी बंद झाली तर माणूस एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. "घरात सगळ्यांना सांगून ठेवा," त्या म्हणाल्या. बायको तेव्हा भावाबरोबर खाली औषधं आणायला गेली होती.

महाडला आल्यावर मी वेळापत्रक केलं. वेळापत्रकात माझा हात कुणी धरू शकत नाही. चौकटी आखल्या, सकाळ, दुपार. खाली लाल शाईत दोन रेघा मारून लिहिलं: रिकाम्या पोटी घेऊ नये. तिसरी गोष्ट लिहिली नाही. तिच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, रोज फोडणी देताना समोर दिसेल असं, "माणूस जाऊ शकतो" कसं लिहायचं? तोंडीही सांगितलं नाही. ती नुकती गाणी गुणगुणायला लागली होती. म्हटलं, मी आहे ना लक्ष ठेवायला. माझं लक्ष किती चांगलं आहे याचा अनुभव चवदार तळ्यावर येऊन तीन महिनेही झाले नव्हते.

गोळी ती काटेकोर घ्यायची. माझ्या लाल अक्षरांचा तिने कायदाच करून टाकला. एखाद्या दिवशी न्याहारीला उशीर झाला तर गोळीलाही उशीर. मी ते बघत होतो आणि मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी मार्क देत होतो.

मग गणपती आले. आमचा गणपती वाडीत. आदल्या दिवशी आम्ही महाडहून निघालो. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे जीप, मग डांबर संपलं की चढण. पाऊस सारखा लागून होता. बायको चढताना दोनदा बसली. म्हणाली, "दम लागतो हल्ली." वर पोचलो तर भाऊ मुंबईहून थर्माकोलचं मखर घेऊन आलेला, त्याचा एक खांब वाटेत मोडला होता आणि तो कसा चिकटवायचा यावर आम्हा दोघा भावांची संध्याकाळभर खडाजंगी चालली. तो खांब मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. त्या संध्याकाळचा बायकोचा चेहरा आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली. अंग कोमट लागत होतं. आई म्हणाली, "काय नाय गो, उपासाचा पित्त हाय. कोकमाचा पाणी घे." नैवेद्याचे मोदक व्हायचे होते, ती चुलीशी बसली. आरतीला तिचा आवाज आला नाही. मी टाळ वाजवत होतो. नैवेद्य दाखवून झाल्यावर आई आतून आली आणि मला म्हणाली, "तुझी बायको बोलंत नाय नीट. बघ जरा."

ती भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घाम, हात गार. मोदकाचं पीठ बोटांवर तसंच वाळलेलं. मी विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "झोप येतेय." आई म्हणाली, "कालपासना पोटात पाण्याचा थेंब नाय. येवढा कडक धरायचा कशाला तो मी म्हणतंय."

"काय धरायचं?" मी विचारलं.

"हरताळका, रे. काल हरताळका नव्हती?"

काल हरतालिका होती. दरवर्षी असते. दरवर्षी ती निर्जळी करते आणि दरवर्षी मी त्याची थट्टा करतो. मी खाली बसलो. "गोळी? कालची गोळी?"

तिने डोळे उघडले. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतोय अशा नजरेने बघितलं. "उपास होता ना," ती म्हणाली. शब्द एकमेकांत अडकत होते. "रिकाम्या पोटी घ्यायची नाही. तुम्हीच लिहिलंय."

काल सकाळची, काल दुपारची, आजची. वर चढण, पाऊस, ताप, उलटी. मी शिक्षकासारखा मोजत होतो आणि घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, कारण माझ्या तोंडाला काय झालंय ते त्यांना कळेना. मी भावाला सांगितलं. बाईंनी सांगितलेलं तिसरं वाक्य, जसंच्या तसं. तो म्हणाला, "तुला ठाव होता? कधीपासना?" मी म्हटलं, "मेपासून." तो उठला. बाहेर जाऊन ओटीवरची खुर्ची उचलली आणि तिला बांबू बांधायला घेतले.

मुंबईहून आलेले वाडीतले सहा-सात जण आरतीच्या कपड्यांत धावले. आलटून पालटून खांदा देत त्यांनी तिला खाली उतरवलं. पावसात पायवाट निसरडी, पुढचा माणूस ओरडून दगड सांगत होता. मी छत्री धरून शेजारी चालत होतो, पण छत्री खुर्चीच्या वर कधी येतच नव्हती. शेवटी एक जण म्हणाला, "सर, तुमी मागं व्हा जरा." तेवढं मी नीट केलं.

पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात सणाच्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण ड्यूटीवर होती. तिने दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "बीपी लागत नाही." मग मला, "कसली औषधं चालू आहेत?" मी गोळीचं नाव सांगितलं, पियुषिका म्हणालो, पिशवी म्हणालो. ती मुलगी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कपाटाकडे गेली होती. इंजेक्शन, सलाइन, दुसऱ्या हाताला दुसरं सलाइन. मान न वळवता तिने विचारलं, "घरात कुणाला सांगून ठेवलं नव्हतं का?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर आमची रिकामी खुर्ची पावसात भिजत होती.

एक तास गेला. मग अर्धा. भाऊ तिच्या पायांशी उभा होता, हातांची घडी घातलेली, जसा लिफ्टमध्ये उभा राहतो तसा. बायकोच्या नखांचा रंग बदलला आधी. मग तिने डोळे उघडले, सलाइनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जेवलात का तुम्ही?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग मोदक संपतील."

ती गोष्ट तिला मी त्याच दिवशी सांगितली, तिसरी गोष्ट. तिने बोटांवरचं वाळलेलं पीठ नखाने काढलं. मग म्हणाली, "तुमच्या आयुष्यासाठी करत होते मी तो उपास. तुम्ही मला सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं, तू घाबरशील म्हणून. ती म्हणाली, "आणि आता?"

 

घरी आल्यावर वेळापत्रक फाडलं. नवीन तिने स्वतः लिहिलं, चौकटी वाकड्या, आणि सगळ्यात वर तिसरी गोष्ट. येणारा-जाणारा ते वाचतो, पोस्टमनसुद्धा. हरतालिकेला आई आता स्वतः तिला पेज वाढते आणि ती गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. उपास त्या दिवशी मी करतो. निर्जळी काही जमत नाही. दुपारी चहा घेतो, आणि संध्याकाळी आई बघत नसेल तर आणखी काही.

पिशवी पुन्हा भरू शकते, असं सर्जन म्हणाले होते. दर वर्षी फिल्म काढतो. अजून भरलेली नाही. मधले दिवस मात्र मोकळे राहतात. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी मी तिच्यासमोर बसतो, दोन्ही हात बाजूंना पसरतो आणि बोटं हलवतो. ती माझ्या नाकाकडे बघते, सांगते, "डावं. उजवं. दोन्ही." मग आम्ही चहा घेतो.

कधी कधी ती लगेच सांगत नाही. नाकाकडे बघत राहते. मी बोटं हलवत राहतो. मला वाटतं ती मुद्दाम करते. मी तिला तसं विचारलेलं नाही.